अस्सलबरहुकूम नक्कल : जुन्या ब्रिटिश मोटारीच्या अंतरंगाविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं मोटारीच्या सीटवरच्या कातड्याशी काय नातं? नातं आहे, आणि जवळचं आहे. 'काल पाहिलेला देवदत्त तो हाच' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो, यावर आपल्या दर्शनकारांनी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले. दरम्यान देवदत्ताचे केस पिकलेत, दात पडलेत, अंगरखा तर पार बदललाय. तरी तो 'तोच' कसा? साठ वर्षांची मोटार दुरुस्तीला काढणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की त्याला उत्तरासाठी पैसे मोजावे लागतात आणि चुकलेलं उत्तर परत घेता येत नाही.

आता शीर्षकाबद्दल. आपल्याकडे जुन्या दस्तांवर एक शब्दप्रयोग असायचा : 'अस्सलबरहुकूम नक्कल'. मला तो फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. तो सांगतो, ही नक्कल आहे, अस्सलाप्रमाणे केली आहे, आणि अस्सल दुसरीकडे आहे. जुन्या मोटारींच्या दुनियेत मात्र नकलेला सरळ 'अस्सल' म्हणायची पद्धत पडली आहे. आज मला टीका करायची आहे ती या पद्धतीवर. मोटारी हौसेनं जपणाऱ्यांवर नाही; त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

मी फक्त अंतर्भागाबद्दल बोलणार आहे. सीटा, डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या फळ्या, गालिचे, छताचं अस्तर, बटणं. का? कारण इंजिनाला स्वतःची परीक्षा असते. ते चालतं किंवा चालत नाही. ब्रेक लागतो किंवा लागत नाही. अंतर्भागाला अशी परीक्षा नाही. सीटवर कुठलंही कापड चढवा, बसता येतंच. तेव्हा तिथे 'बरोबर' या शब्दाला एकच अर्थ उरतो : तेव्हा हे असंच होतं का? म्हणजे अंतर्भागाचा प्रश्न निव्वळ इतिहासाचा प्रश्न आहे. आणि दुसरं, माणूस मोटारीला स्पर्श करतो तो आतून. कोपर टेकून टेकून झिजलेली दाराची कड, अंगठ्यानं गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, हे सगळं आतच असतं.

आता एक जुनं हत्यार बाहेर काढतो. शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाला न्यायसूत्रांनी उत्तर दिलं, की शब्दाच्या अर्थात तीन गोष्टी असतात : व्यक्ती, आकृती आणि जाती. 'गाय दारात उभी आहे' म्हटलं की ही एक विशिष्ट गाय, म्हणजे व्यक्ती. 'गायीला मारू नये' म्हटलं की सगळ्याच गायी, म्हणजे जाती. आणि 'पिठाची गाय कर' म्हटलं की नुसता आकार, म्हणजे आकृती. नैयायिक मातीच्या गायीचं उदाहरण घेतात. तिला आकार आहे, ती एक वस्तूही आहे, पण ती गोजातीची नाही. आपण पोळ्याला मातीचे बैल पुजतो, तेव्हा त्यांना नांगराला जुंपायला निघत नाही. कुठला अर्थ कुठे प्रधान आहे, हे आपल्याला न सांगता कळतं.

मोटारीच्या बाबतीत मात्र कळेनासं होतं. 'ही मोटार आतून मूळबरहुकूम आहे' या एका वाक्यात तीन वेगळे दावे लपलेले असतात. कारखान्यानं त्या मॉडेलला जे घातलं तेच यात आहे, हा जातीचा दावा. ती त्या काळातल्यासारखी दिसते, हा आकृतीचा. आणि याच मोटारीत जे होतं तेच अजून आहे, हा व्यक्तीचा. सगळे घोळ या तिघांची सरमिसळ केल्यानं होतात. एकेक पाहू.

आधी जाती. इथे काम सोपं वाटतं. ब्रिटनमध्ये यासाठी चांगली व्यवस्था आहे. एमजी, मॉरिस, ऑस्टिन वगैरेंच्या कारखान्यांची जुनी दप्तरं गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत; जॅग्वारची त्यांच्या स्वतःच्या हेरिटेज ट्रस्टकडे. चासी क्रमांक कळवला की दाखला मिळतो : मोटार कधी बनली, रंग कोणता, आतली सजावट कोणत्या रंगाची, कुठल्या बाजारपेठेसाठी रवाना झाली. आपल्या जन्मदाखल्यासारखंच.

पण दाखला हातात आला की गंमत सुरू होते, कारण कारखान्याचं खरं रूप आपल्या मनातल्या रूपाशी जुळत नाही. 'ब्रिटिश मोटारीच्या आत काय असतं?' असं कुणालाही विचारा. उत्तर येईल : अक्रोडाचं लाकूड आणि खरं चामडं. आता जॅग्वारची मार्क टू घ्या. १९५९ ते १९६७ या काळात बनलेली, त्या प्रतिमेची जणू मूर्तीच. अक्रोडाचं व्हिनिअर आहे, चामड्याच्या सीटा आहेत. पण सप्टेंबर १९६६ मध्ये जॅग्वारनं खर्चकपात केली आणि सीटांवर चामड्याऐवजी अँब्ला नावाचं विनाइल घातलं. चामडं हवं असेल तर जादा पैसे. म्हणजे १९६७ ची एखादी मार्क टू, जिच्या पहिल्या गिऱ्हाइकानं जादा पैसे भरले नव्हते, ती आतून 'बरोबर' करायची असेल तर तिला प्लॅस्टिक घालावं लागेल! किती जण घालतील? जवळजवळ सगळ्यांचा हात चामड्याकडे जाईल. आणि ते म्हणतील, आम्ही गाडी मूळ रूपात आणली.

त्याहून बारीक गोष्ट. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश मोटारींत 'लेदर सीट' म्हणजे फक्त अंगाला लागणारा पुढचा भाग चामड्याचा असायचा. बाजू आणि पाठ त्याच रंगाच्या रेक्झिनची. एमजीबीत हे होतं, जॅग्वारमध्येही होतं. कारखान्याचा हिशेब अगदी आपल्या घरातल्यासारखा : पाहुण्याला दिसेल तिथे चांगलं, मागे साधं. आजचा कारागीर मात्र सीट चहूबाजूंनी चामड्यात मढवतो. मालक खूश, कारण 'काटकसर केली नाही'. पण काटकसर हाच तिथला इतिहास होता! युद्धानंतरचा ब्रिटन निर्यातीवर जगत होता, पै-पैचा हिशेब करत होता. तो हिशेब सीटच्या पाठीवर लिहिलेला होता. आपण तो पुसला.

जाता जाता, 'रेक्झिन' हा शब्द आपण किती सहज वापरतो. शाळेच्या दप्तराचं रेक्झिन, रिक्षाच्या सीटचं रेक्झिन. ते मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं व्यापारी नाव होतं. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेलं खोटं चामडं. नाव व्यक्तीचं होतं, आपण त्याची जात करून टाकली. भाषेतही हे असं चालतं.

जातीच्या दाव्यात आणखी एक पेच आहे. जात तरी एकच असते का? एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती. पाच लाखांहून अधिक. सुरुवातीच्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा, सुरकुतलेल्या काळ्या रंगाचा. हीटर तेव्हा जादा पैशाचा. १९६८ पासून अमेरिकेचे सुरक्षानियम लागू झाले. त्या देशात जाणाऱ्या गाड्यांना जाड गादीसारखा डॅशबोर्ड बसवला गेला. लोकांनी त्याला थट्टेनं 'अ‍ॅबिंग्डनची उशी' नाव दिलं. ब्रिटनमधल्या गाड्यांना पत्र्याचाच राहिला. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात, एकाच नावाच्या दोन गाड्या बाहेर पडत होत्या आणि त्यांचे डॅशबोर्ड वेगळे होते. 'काळाला धरून' असणं पुरेसं नाही. कुठल्या देशासाठी, हेही विचारावं लागतं.

आता खरा प्रश्न इथेच उभा राहतो. अमेरिकेच्या कोरड्या प्रांतांत गाड्या गंजत नाहीत. म्हणून तिथे गेलेल्या कितीतरी एमजीबी हौशी लोकांनी ब्रिटनमध्ये परत आणल्या. स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, उशी काढून टाकली, पत्र्याचा डॅशबोर्ड बसवला. प्रत्येक भाग कॅटलॉगप्रमाणे अचूक. पण ही गाडी ब्रिटनच्या रस्त्यासाठी बनलेली नव्हतीच! जातीप्रमाणे निर्दोष, व्यक्ती म्हणून खोटी. तिचा जन्मदाखला मागवला तर तो तिच्याविरुद्ध साक्ष देईल.

आता आकृतीकडे वळतो. माझी खरी तक्रार इथे आहे. जाती निदान कागदपत्रांना बांधलेली असते. आकृती बांधलेली असते आपल्या हुरहुरीला. एमजीबीच्या डॅशबोर्डला कारखान्यानं लाकूड कधी लावलं नाही. पण अक्रोडी व्हिनिअरची पट्टी बाजारात मिळते, आणि हौसेनं लावली जाते. विचारलं तर उत्तर मिळतं, 'कशी जुनी, ब्रिटिश वाटते!' वाटते, हे खरंच. पण ती १९६५ सालची वाटत नाही. १९६५ बद्दल आज आपल्याला जे वाटतं, तशी ती वाटते.

गंमत बघा, या मोहातून कारखान्याचे वारसही सुटले नाहीत. १९९३ मध्ये रोव्हरनं एमजीबीचा सांगाडा पुन्हा काढून एमजी आरव्ही ८ नावाची गाडी केली. जेमतेम दोन हजार बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. आत काय घातलं? गाठीदार एल्मचं चकचकीत लाकूड आणि फिकट चामडं. जो भूतकाळ एमजीबीला कधी नव्हता, तो तिच्या धन्यांनीच तिला बहाल केला. आरव्ही ८ ला मी दोष देणार नाही. ती नवी गाडी होती, तिनं १९६५ चं असल्याचा आव आणला नव्हता. पण तिच्यावरून एक कळतं. आठवणीची भूक मोठी झाली की ती इतिहास खाते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक नावाचा वास्तुतज्ज्ञ होऊन गेला. जुनी चर्चं, जुने किल्ले यांचा जीर्णोद्धार त्यानं केला. त्याचं म्हणणं असं होतं, की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला पूर्णत्वाच्या अशा अवस्थेला नेणं, जी अवस्था कदाचित कुठल्याच काळी प्रत्यक्षात नव्हती. धीट विधान आहे, आणि निदान उघड आहे. आजच्या मोटार-प्रदर्शनांतल्या, नव्याहूनही चकाकणाऱ्या गाड्या त्याच पंथाच्या आहेत, फक्त त्या तसं कबूल करत नाहीत. कारखान्यात डिंक ओघळायचा, शिलाई तिरपी जायची, एका लॉटचा रंग दुसऱ्याशी जुळायचा नाही, जुना माल संपेपर्यंत नव्या गाडीत जुनं बटण बसायचं. या सगळ्याचं त्या चकाकीत नामोनिशाण नसतं. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट देतात आणि गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स लावतात. भक्तीत खोट नसते. पण दगडावरची छिन्नीची खूण गेली ती गेली.

यावर इंग्लंडमध्ये जॉन रस्किननं १८४९ मध्येच तोफ डागली होती. जीर्णोद्धार हा वास्तूचा सर्वांत पूर्ण असा नाश आहे, असं त्याचं मत. त्याच्या विचारानं भारलेल्या विल्यम मॉरिस या कवी-कारागिरानं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तत्त्व साधं होतं : खरवडू नका, डागडुजी करा. आणि योगायोग पाहा. त्याच १८७७ साली इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका विल्यम मॉरिसचा जन्म झाला. तो पुढे लॉर्ड नफील्ड झाला, त्यानं मॉरिस मोटारी काढल्या, एमजी ही त्याच्याच गॅरेजची शाखा. एकानं वस्तू बनवल्या, दुसऱ्यानं जुन्या वस्तूंशी कसं वागावं ते सांगितलं. आज पहिल्या मॉरिसची शिकवण दुसऱ्या मॉरिसच्या मोटारींना लावायची वेळ आली आहे.

म्हणजे आपण व्यक्तीपाशी आलो. १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात एक खटला चालला. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' म्हणून ओळखली जाणारी शर्यतीची मोटार. तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली होती. एड हबर्ड या मालकानं ती विकायला काढली, सौदा ठरला एक कोटी पौंडांचा. मग घेणाऱ्या कंपनीनं हात आखडता घेतला : ही ती मोटारच नाही, तिच्यात १९२९ चं फारसं काही उरलेलं नाही! आणि ते खोटं नव्हतं. शर्यतींत भाग बदलत गेले, अपघात झाला, पुढे तिला बंद टपाची वेगळी बॉडीसुद्धा बसवली गेली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. मूळ सुटे भाग या अर्थानं ती 'मूळ' नाही. पण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही, एकातून एक अशी ती अखंड चालत आली आहे, म्हणून ती अस्सल आहे. हबर्ड जिंकले.

थिसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच का? हॉब्जनं त्यात पाचर मारली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर? न्यायमूर्तींचं उत्तर पहिल्या जहाजाच्या बाजूचं आहे. अस्सलपणा पदार्थात कमी, सातत्यात जास्त.

हा न्याय आपल्या अंतर्भागाला लावा. समजा, १९६३ च्या एका एमजीबीच्या डॅशबोर्डवर पहिल्या मालकानं सेंट ख्रिस्तोफरचा छोटा बिल्ला लावलाय. ब्रिटनमध्ये तेव्हा ही सर्रास पद्धत होती. प्रवाशांचा रक्षणकर्ता संत. दोन वर्षांनी त्यानं एक जादा मीटर बसवलं, त्यासाठी पत्र्याला भोक पाडलं. नियमावलीवर बोट ठेवणारा परीक्षक म्हणेल, बिल्ला काढा, भोक बुजवा, कारखान्यानं ते दिलं नव्हतं. पण श्रोतेहो, १९६३ ची गाडी १९६३ मध्ये जशी जगली, तिचा याहून चांगला पुरावा कोणता? कारखान्यातून बाहेर पडली तो तिचा एक दिवस. त्यानंतर ती साठ वर्षं गाडी होती. आपण त्या एका दिवसासाठी साठ वर्षं खोडून टाकतो.

आता आक्षेप ऐकूया, कारण ते खरे आहेत. पहिला : 'सर, स्पंज पिठासारखा झडतोय, सीटखालचे रबरी पट्टे तुटलेत. बसायचं कशावर?' बरोबर. गाडी चालवायची असेल तर आतला सांगाडा दुरुस्त कराच. पण वरचं चामडं त्यासाठी फेकावं लागतं का? त्या काळच्या कॉनोलीसारख्या पेढ्यांच्या चामड्यावर रंगाचा थर असायचा. बऱ्याचदा भेगा त्या थराला पडलेल्या असतात, खालचं कातडं शाबूत असतं. ते साफ करता येतं, मऊ करता येतं, पुन्हा रंगवता येतं, उसवलेली शिवण घालता येते. या कामाला नव्या चामड्याहून जास्त वेळ लागतो आणि फोटोत ते कमी उठून दिसतं. खरी अडचण ही आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ब्रिटनमध्ये १९६५ पूर्वीच्या गाडीला पट्टे नसले तरी कायद्याला चालतं. मग इतिहासासाठी पोरांना बिनपट्ट्याचं बसवायचं का? मुळीच नाही. पट्टे बसवा. पट्टा 'मी १९६२ चा आहे' असं म्हणत नाही. तो आजचा आहे, आणि आजचाच दिसतो. माझा कस नवं-जुनं हा नाहीच. नवी वस्तू जुनी असल्याचा आव आणते का, हा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : 'गाडी माझी, पैसा माझा.' कायद्यानं मान्य. पण मूळ अंतर्भाग फेकला की तो पुन्हा बनवता येत नाही. इंजिनाचा दट्ट्या नवा करता येतो. साठ वर्षांचं बसणं नवं करता येत नाही. मालकी आपली असते, साक्ष आपली नसते.

यातून मी क्रम असा लावतो. आधी व्यक्ती : या गाडीचं जे उरलं आहे ते आधी जपा. जिथे व्यक्ती खरोखर नाहीशी झाली, तिथेच जाती : दाखला मागवा, त्याप्रमाणे करा, आणि दाखला विनाइल म्हणाला तर विनाइल घाला, पाठ रेक्झिनची म्हणाला तर रेक्झिनची करा. आकृती सर्वांत शेवटी, आणि ती कधीही पहिल्या दोघींचा मुखवटा लावून नको. १९६४ च्या व्हेनिस सनदेनं स्मारकांसाठी सांगितलं, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबायला हवा. २०१२ मध्ये जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं ट्यूरिनची सनद मान्य केली. तीही जतनाला अग्रक्रम देते आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायला सांगते. नोंद! हाच तो 'अस्सलबरहुकूम नक्कल' हा शिक्का. नवी सीट करा, हरकत नाही. पण गाडीच्या कागदांत लिहा, की ही सीट अमुक साली केली, जुनी अमुक ठिकाणी ठेवली आहे.

हे सगळं साहेबाच्या देशातलं असलं, तरी एक धागा आपल्यापर्यंत येतो. आपली अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली. ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. आज कुणी जुनी अ‍ॅम्बॅसडर नीट करायला घेतली आणि इंग्लंडहून ऑक्सफर्डचे बिल्ले, ऑक्सफर्डचे गालिचे मागवले, तर ती आकृतीनं ब्रिटिश होईल. पण तिच्या सीटवरचं देशी रेक्झिन, विणलेली प्लॅस्टिकची कव्हरं, डॅशबोर्डवरचा चिकटवलेला गणपती, हे तिचं चरित्र आहे. ते काढून आपण तिला मोठ्या घरची ठरवू, आणि तिचं स्वतःचं घर पाडू.

शेवटी एकच व्यवहारातली सूचना. जुनं अस्तर उसवण्यापूर्वी फोटो काढा, आणि उसवल्यावर फळीची मागची बाजू नक्की बघा. तिथे पुष्कळदा कारखान्यातल्या कारागिरानं खडूनं किंवा पेन्सिलीनं केलेली खूण सापडते. एखादा आकडा, एखादी रेघ. ती कुणी बघावी म्हणून केलेली नव्हती, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. ती फळी कचऱ्यात टाकू नका.